वर्ड्सवर्थचा 'डायर्नल' मराठीत कसा आणावा?

प्रश्न असा आला आहे: इंग्रज कवी वर्ड्सवर्थच्या 'अ स्लंबर डिड माय स्पिरिट सील' या कवितेच्या सातव्या ओळीत, 'रोल्ड राउंड इन अर्थ्स डायर्नल कोर्स'मध्ये, 'डायर्नल'ला 'दैनंदिन' म्हणावं की 'दिनचर'?

'दिनचर' तर नकोच. तो प्राण्यांसाठीचा शब्द, 'निशाचर'च्या उलट. 'डायर्नल'चं मूळ लॅटिन, अर्थ 'दिवसाचा'. त्यातून दोन अर्थ निघाले: दिवसा होणारं आणि दर दिवशी होणारं. इथे दुसरा आहे, पृथ्वीची स्वतःभोवतीची २४ तासांची फेरी.

'दैनंदिन' अर्थानं बरोबर, पण त्याला कामकाजाचा वास आहे. दैनंदिन खर्च, दैनंदिन अहवाल. मूळ शब्दाचं वजन वेगळं आहे. १८०० साली छापलेल्या या आठ ओळी मोठ्यानं वाचून पाहा. सगळे शब्द एक-दोन अवयवांचे (सिलॅबलचे), घरगुती म्हणावेत असे. तीन अवयवांचा शब्द एकच, 'डायर्नल'. आधीच्या ओळींत 'मोशन' आणि 'फोर्स' हे न्यूटनच्या शास्त्रातले शब्द येऊन गेलेत. पहिल्या कडव्यात कवितेतली मुलगी जिवंत आहे, दुसऱ्यात नाही. मृत्यू मधल्या कोऱ्या जागेत घडतो. कवी रडत नाही, तो खगोलशास्त्राचा थंड शब्द वापरतो. माझ्या मते सगळं दुःख त्या थंडपणात आहे, म्हणून मराठी शब्दही थोडा परका आणि जड वाटायला हवा.

असा शब्द आपण शाळेत भूगोलात शिकलो आहोत: परिवलन. 'परि' म्हणजे सभोवार, 'वलन' म्हणजे वळणं. 'रोल्ड राउंड' अख्खं त्यात बसतं! दिवस मात्र सुटतो, म्हणून 'दैनिक परिवलन'. नुसता 'दैनिक' वर्तमानपत्राकडे नेतो, 'परिवलना'शेजारी तसं होत नाही.

'फेरा' हा शब्द मोह घालेल. गोड आहे, लयीत बसतो. पण मराठी कानाला त्यात जन्ममरणाचा फेरा ऐकू येतो, म्हणजे ती परत येण्याची आशा. ती आशा कवितेत नाही. 'मोशन'साठी 'गती'ही त्याच कारणानं टाळावी. 'तिला आता गती नाही' म्हटलं की आत्म्याला सद्गती मिळाली नाही, असं वाचलं जाईल. साधं 'हालचाल नाही' पुरे.

क्रियापदही जपायला हवं. 'फिरते' लिहिलंत तर ती स्वतः फिरू लागते. 'रोल्ड' आहे, तिला फिरवलं जातंय.

पृथ्वीच्या दैनिक परिवलनात फिरवली जाते ती,
खडकांसोबत, दगडांसोबत, झाडांसोबत.

झाडांचा क्रम बदलू नका. त्या तिघांत जिवंत तेवढी झाडंच, आणि कवीनं ती अगदी शेवटी ठेवलीत.

विचारलं नाहीत, तरी एक सांगतो. पहिल्या कडव्यात ती त्याला 'थिंग' वाटते, वर्षांचा स्पर्शही न जाणवणारी. तिथे 'वस्तू'च लिहा. 'चीज' किंवा 'मूर्ती' करून सजवू नका. 'वस्तू' मराठीत स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे दुसऱ्या कडव्यातला 'ती' मुलीलाही लागतो आणि वस्तूलाही. इंग्रजीत 'शी' आणि 'थिंग' यांची अशी गाठ पडत नाही.