ओजेटीचा शिक्का आणि चौथं वर्ष

प्रश्न : सर, मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय भूगोल. ओजेटीला, म्हणजे बाहेर जाऊन प्रत्यक्ष काम करायच्या प्रशिक्षणाला (ऑन जॉब ट्रेनिंग), चार क्रेडिट आहेत. वर्गातली बरीच मुलं ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून सर्टिफिकेट आणतात, कॉलेज काही विचारत नाही. मग मी एकटीनेच का राबायचं? आणि ऑनर्सचं चौथं वर्ष करू का? बाबा म्हणतात, आता बास.
– एक विद्यार्थिनी

उत्तर : बाबांचं नंतर बघू, आधी शिक्क्याचं. मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्तीच्या आदल्या वर्षी क्षेत्रभेटीचे 28 अहवाल टेबलावर आले. त्यातल्या 19 अहवालांत ‘विहीरींची पातळी’ असंच, ‘ही’ दीर्घ; आणि कोपऱ्यात झेरॉक्सच्या काचेवरचा तोच काळा ठिपका. एकीचा अहवाल मात्र वहीच्या कागदांवर होता, भिजून सुकलेला. दोरीला दगड बांधून तिने मार्च ते मे दर रविवारी सात विहिरींचं पाणी मोजलं होतं. मे महिन्यात दोन रकान्यांत नुसतंच ‘तळ’ लिहिलेलं.

त्या 19 जणांनाही मी पास केलं. नापास करायची हिंमत झाली नाही, हे कबूल करतो. तेव्हा दोष एकट्या दुकानदाराचा नाही, न वाचता सही ठोकणाऱ्या आम्हा मास्तरांचाही आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे प्रत्यक्ष कामाला क्रेडिट मिळू लागले, हे मला मनापासून पटतं. पण ते काम तपासायला कुणाला वेळ आहे, हे कोण बघणार? सातारच्या कॉलेजात कर्मवीरांनी 1947 पासून मुलांना राबवून शिकवलं, तेव्हा क्रेडिट हा शब्दही नव्हता.

चार क्रेडिट म्हणजे 120 तास. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. ग्रामपंचायतीत जा, पाण्याचा ताळेबंद मांडायला मदत करते म्हण. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. गावातल्या विहिरी त्यात नकाशावर टाक. मुलाखतीत ‘काय येतं?’ असं विचारलं की तो नकाशा पुढे सरकवता येतो. शिक्क्याचं काय दाखवणार?

आता बाबा. एम.ए. करणारच असशील तर त्यांना सांग, बी.ए.ची तीन अधिक एम.ए.ची दोन काय आणि बी.ए.ची चार अधिक एम.ए.चं एक काय, वर्षं पाचच. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात आणि कॉलेजात त्याची सोय आहे का, हे आधी ऑफिसात विचार. एम.ए. करायचंच नसेल तर बाबांचं ऐक, तीन वर्षांवर थांब. नुसतं ‘ऑनर्स’ लागावं म्हणून एक वर्ष घालवू नकोस.

आणि ओजेटीच्या अहवालाची एक प्रत मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठव. मी वाचीन, लाल शाईने खुणा करून परत पाठवीन. ‘विहिरींची’ तेवढं ऱ्हस्व लिही.