जुन्या डिझेल स्विफ्टची टायमिंग चेन: बदलायची वेळ आली का?

दादा, तुमची गाडी २०१२ ची डिझेल स्विफ्ट, सेकंडहँड घेतलेली, मीटरवर १ लाख ६० हजार. सकाळी सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद खळखळ येते. टायमिंग चेन म्हणजे इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ जुळवून ठेवणारी साखळी. अंबाजोगाईचा मिस्त्री म्हणतो चेन बदला, लातूरचा म्हणतो चेनला काही होत नसतं. लातूरवाल्याचं मला पटत नाही. पण नुसता मीटर बघून इंजिन खोलू नका.

जुनी डिझेल इंडिका, सँट्रो, जुनी डिझेल इनोव्हा या बेल्टच्या गाड्या, त्यांत चेनचं काम रबरी बेल्ट करतो. त्यांचा बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा हे ठरलेलं असतं. चेनला सहसा असा आकडा नसतो, म्हणून ती जन्मभर टिकते असा समज झाला. चेन ऑईलमध्येच फिरते, आणि ऑईल वेळेवर बदललं नाही की तीच आधी भोगते. आपण चेन ताणली म्हणतो, पण झिजतात त्या कड्यांमधल्या पिना. प्रत्येक कडीत किंचित फट पडली तरी सगळ्या मिळून चेन लांब होते. त्यात डिझेलच्या ऑईलमध्ये काजळी उतरते आणि पॉलिश पेपरसारखी घासत राहते. आपल्याकडे घर ते शेत एवढ्याच फेऱ्या, मे महिन्यात एसी लावून उभी गाडी, आणि ऑईलचं काम ‘पेरण्या झाल्या की बघू’. काही जण तर ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातलंच ऑईल टाकतात. अशी वापरलेली गाडी लाखाच्या आतही वाजायला लागते. तुमच्या गाडीचं आधीच्या मालकाकडचं काहीच रेकॉर्ड नाही, मला खरी काळजी त्याची आहे.

आधी स्वस्तातलं काम करा. मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑईल आणि चांगला फिल्टर टाका. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या प्रेशरवर चालतो. हलका फिल्टर ऑईल धरून ठेवत नसेल, तर रात्रभरात ते खाली उतरतं, आणि सकाळी प्रेशर येईपर्यंत चेन सैल वाजते. मग गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी बॉनेट उघडून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. तुम्ही पुली-बेल्टच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाला कान द्या, पण हात आणि कपडे बेल्टपासून लांब ठेवा. आवाज गेला तर थांबा, लक्ष ठेवा. तसाच राहिला, गरम इंजिनवरही यायला लागला, किंवा स्कॅनरवर पी-००१६ कोड आला (पिस्टनशी जोडलेला क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांचा मेळ बसत नाही असा त्याचा अर्थ), तर वाट बघू नका. चेनने दात सोडला, म्हणजे चाकाच्या दातावरून घसरली, की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना धडकतात, रॉकर तुटतात, हेड उतरवावं लागतं. तो खर्च चेन सेटच्या कितीतरी पट.

बदलताना नुसती चेन घालू नका. टेन्शनर, गाईड (चेनला आधार देणाऱ्या पट्ट्या), दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दात्यांची चाकं), पुढचं ऑईल सील, सगळं नवं घ्या. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. चेंबर (इंजिनखालची ऑईलची टाकी) उतरवून ऑईल ओढणारी जाळी साफ करून घ्या. गाईडचे प्लॅस्टिकचे तुकडे तिथेच अडकतात, आणि ऑईल कमी पोहोचलं की नवा सेटही वाजू लागतो. मिस्त्रीकडे या इंजिनच्या लॉकिंग पिना (टायमिंग लावताना क्रँक-कॅम जागेवर धरणाऱ्या) आहेत का, हे आधीच विचारा. रंगाच्या खुणा करून टायमिंग लावणाऱ्याकडे हे काम देऊ नका. जुनी चेन परत मागून नव्या चेनशेजारी धरून बघा, चांगली झिजली असेल तर लांबीतला फरक डोळ्यांना दिसतो.

तोपर्यंत एक पाळा. बॅटरी उतरली तरी गाडी धक्का मारून चालू करू नका, आणि उतारावर नुसत्या गिअरच्या भरवशावर उभी करू नका, हँडब्रेक ओढाच. इंजिन बंद असताना टेन्शनरमागे प्रेशर नसतं, सैल चेन एका झटक्यात दात सोडू शकते. तुळजापूरसारख्या लांबच्या प्रवासाला जायचं असेल तर सध्या दुसरी गाडी बघा.