घोडा की चाप?

प्रश्न असा: पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाती वेबली रिव्हॉल्व्हर आहे. तो गोळी झाडतो, तेव्हा ‘घोडा ओढला’ लिहावं की ‘चाप ओढला’?

चाप. घोडा हा निराळा भाग आहे. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी धरून आपटणारा तो घोडा. वेबलीत तो मुठीच्या वर, मागच्या अंगाला असतो आणि काडतुसाच्या बुडावर आपटतो. चाप खाली, तर्जनीशी. बोलण्यात ‘घोडा दाबला’ सर्रास चालतं, पण वेबलीचं वर्णन करताना दोन्ही शब्दांची गरज पडते.

कारण ते दोन रीतींनी झाडता येतं. अंगठ्याने घोडा मागे ओढून अडकवला की सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसवायचा फिरता भाग, एक घर फिरतं, मग चापाला हलकासा ओढा पुरतो आणि नेम चांगला राहतो. ही रीत म्हणजे ‘घोडा चढवून चाप ओढला’. घाईत नुसता चाप ओढायचा. चापच घोडा उचलतो, सिलिंडर फिरवतो आणि घोडा सोडतो. मात्र हा ओढा लांब आणि जड असल्याने नळी हलते, नेम चुकतो. इथे ‘घोडा चढवला’ लिहिलं तर क्रियाच बदलते.

पुढच्या काळातलं कथानक असेल तर आणखी जपावं. एनफिल्ड नंबर २ या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या १९३८ च्या सुधारित नमुन्यात घोड्याची अंगठ्याने ओढायची शेपटीच काढून टाकली आणि कमान (स्प्रिंग) हलकी केली. त्याचा घोडा कुणीही अंगठ्याने चढवत नाही! उलट १९०१ चं वेबली-फॉस्बरी रिव्हॉल्व्हर. त्यात पहिल्यांदा घोडा हाताने चढवायचा. पुढे गोळीच्या धक्क्याने नळी-सिलिंडरचा वरचा सांगाडा मागे सरकतो, हा सांगाडाच घोडा चढवतो आणि नागमोडी खाचांतून सिलिंडर फिरवतो. पकड ढिली पडली किंवा खाचांत चिखल गेला की हे अडतं. सैन्याने ते अधिकृतपणे स्वीकारलं नाही, अधिकारी पदरच्या पैशांनी घेत.

‘रिव्हॉल्व्हरमध्ये मॅगझिन (काडतुसांची सुटी पेटी) भरलं’ हेही टाळा. १९१५ च्या वेबली मार्क ६ मध्ये .४५५ इंच मापाची सहा काडतुसं थेट सिलिंडरच्या घरांत बसतात. डावीकडची कळ दाबली की नळी पुढे वाकते आणि चांदणीच्या आकाराची तबकडी वर येऊन सहाही पुंगळ्या (काडतुसांची रिकामी टरफलं) एकदम बाहेर फेकते. नळी हळू वाकवली तर एखादी पुंगळी तबकडीखाली घसरून अडकते, म्हणून ते झटक्यात उघडायचं. प्रत्येक गोळीमागे पुंगळी उडते ती आपोआप भरणाऱ्या पिस्तुलातून. वेबलीवाल्याने सहा गोळ्या झाडून ते न उघडताच पळ काढला, तर घटनास्थळी एकही पुंगळी सापडणार नाही.