'ऑक्सिअ‍ॅनायन होल'ला छिद्र म्हणावे का?

एन्झाइमांवरच्या लेखाचा मराठी अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, की 'ऑक्सिअ‍ॅनायन होल'साठी 'ऋणभारित ऑक्सिजनचे छिद्र' चालेल का?

छिद्र नको. छिद्र म्हटले की आरपार भोक डोळ्यांपुढे येते. इथे आहे तो एन्झाइमच्या आतला खळगा, आणि त्याच्या काठावरून हायड्रोजन आत रोखलेले. मी 'खोबण' सुचवेन. डोळ्याची खोबण आपण म्हणतोच. मात्र ती कोणासाठी आहे हे वाक्यात यायलाच हवे, सगळी गंमत तिथे आहे.

प्रथिने तोडणारे कायमोट्रिप्सिन घ्या. त्यातल्या १९५ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लाचा ऑक्सिजन पेप्टाइड बंधातल्या (प्रथिनातली अमिनो आम्ले जोडणाऱ्या बंधातल्या) कार्बोनिल कार्बनवर, म्हणजे ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेल्या कार्बनवर, चाल करून जातो. तोवर सपाट असलेली कार्बनभोवतीची रचना चतुष्फलकी होऊ लागते आणि कार्बोनिलच्या ऑक्सिजनवर ऋणभार साचतो. हा ऑक्सिजन खोबणीत शिरतो. तिथे ग्लायसीन १९३ आणि सेरीन १९५ या अमिनो आम्लांचे एनएच (नायट्रोजन-हायड्रोजन) गट त्याच्याशी हायड्रोजन बंध जोडतात.

आता दिशा पाहा. कार्बोनिल ऑक्सिजनच्या एकाकी इलेक्ट्रॉन-जोड्या कार्बोनिलच्याच प्रतलात असतात, त्यामुळे लहान रेणूंत हायड्रोजन बंध बहुधा त्या प्रतलातून येतात. खोबणीतले बंध मात्र बऱ्याचदा प्रतलाबाहेरून येतात. सिमोन आणि गुडमन या संशोधकांनी २०१० मध्ये याकडे लक्ष वेधले. वरवर पाहता हा एन्झाइमचा गबाळेपणाच! पण मूळ रेणूला असा तिरपा बंध फारसा मानवत नाही, तर संक्रमण अवस्थेतल्या, म्हणजे क्रियेच्या वाटेवरच्या ऊर्जेच्या शिखरावरच्या, ऋणभारित ऑक्सिजनला बंध कुठल्या बाजूने आला याचे विशेष सोयरसुतक नसते. एकाला आधार कमी, दुसऱ्याला पुरेपूर. दोघांमधली ऊर्जेची चढण तेवढी कमी होते.

म्हणून 'रेणूला घट्ट धरणारी खोबण' असे लिहिलेत तर अर्थाचा अनर्थ होईल. सबटिलिसिन या एन्झाइममध्ये हाच बंध देणारे १५५ क्रमांकाचे अ‍ॅस्परजिन बदलून पाहिले, तेव्हा क्रियेचा वेग शेकडो पटींनी घटला, पण मायकेलिस स्थिरांक (एन्झाइम रेणूला किती सहज धरते याचे ढोबळ माप) जवळपास तसाच राहिला. रेणू येऊन बसत होता, अडत होते ते पुढचे पाऊल.

तेव्हा पहिल्या उल्लेखाला 'संक्रमण अवस्थेतल्या ऋणभारित ऑक्सिजनची खोबण' असे सविस्तर लिहा, नंतर नुसते 'खोबण' पुरे. आणि 'एन्झाइम' की शालेय पुस्तकातले 'विकर', यांपैकी कुठलेही घ्या, फक्त एकाच लेखात दोन्ही नकोत.