बार्ले गावात नेमके किती लोक राहतात?

नेदरलँड्स-बेल्जियम सीमेवरच्या बार्लेची लोकसंख्या एका आकड्यात मिळत नाही, कारण तिथे दोन नगरपालिका आहेत: डच बार्ले-नासाऊ (सुमारे 7,000) आणि बेल्जियन बार्ले-हेर्टोग (सुमारे 3,000). सरळ बेरीज 10,000 होते, पण ती गावाची नव्हे. नासाऊमध्ये उलिकोटन, हेर्टोगमध्ये झोंडरआइगन अशी वेगळी खेडीही मोजली जातात. ती वजा करायलाच हवीत. त्यासाठी नगरपालिकेचा नव्हे, वस्तीनिहाय आकडा घ्या.

घनतेतही हीच फसगत होते. हेर्टोग जेमतेम 7.5 चौ. किमी, नासाऊ 76. त्यामुळे हेर्टोग दाट दिसते. खरे तर नासाऊच्या आकड्यात शेतजमीन भरपूर आहे.

डच हद्दीत बेल्जियमचे 22 तुकडे विखुरलेले आहेत आणि सीमा काही घरांमधूनच जाते. अशा घराचा देश पुढचा दरवाजा कुठे उघडतो यावरून ठरतो. पत्त्याचा देश आणि नागरिकत्व मात्र वेगळे धरा: हेर्टोगमध्ये डच नागरिक मोठ्या संख्येने राहतात.

दोन्ही देश आकडे नोंदवहीवरून काढतात. तुलनेसाठी दोन्हींचे एकाच वर्षाच्या 1 जानेवारीचे आकडे घ्या.