बेंबी सरकली म्हणतात, पोट चोळून बसवून घेऊ का?
नाही, दुखणं कालपासूनचं असेल आणि बेंबीपाशी सुरू होऊन आता उजवीकडे खाली गेलं असेल तर पोट कुणालाही चोळू देऊ नका, आजच डॉक्टरांना दाखवा. अपेंडिक्स बऱ्याचदा असंच सुरू होतं, सोबत भूक मरते, मळमळतं, बारीक ताप येतो आणि घरचे म्हणत बसतात बेंबी सरकली, त्यात वेळ जाऊन ते फुटलं तर पू पोटात पसरतो आणि जिवावर बेततं हो. डॉक्टर पोट दाबून बघतील, रक्त तपासतील, सोनोग्राफी करतील, पण सोनोग्राफीत कधीकधी अपेंडिक्स दिसतच नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येऊनही दुखणं वाढलं तर परत जा. जुनंच, तपासून झालेलं गॅसचं दुखणं असेल तर ओवा, हिंग, शेक खुशाल करा.