‘सगळे’ म्हणजे नक्की कोण?

प्रिय मित्रा,

परवा कृष्णेच्या घाटावर भडंगाचा पुडा हातात तसाच धरून बसला होतास. शेवटपर्यंत उघडला नाहीस. मग एकदम म्हणालास, "सर, रूमवर सगळ्यांचं झालंय. मीच राहिलोय."

‘झालंय’ म्हणजे मुलीसोबत शरीरसंबंध, हे मला कळलं. पण त्या ‘सगळ्यांचं’बद्दल तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

मी नऊ वर्षं हॉस्टेलचा रेक्टर होतो. एका रात्री गच्चीवर टाकीचा व्हॉल्व्ह बघायला गेलो, तर पलीकडे चार पोरं बसलेली. एक जण पुण्यातल्या एका रात्रीची हकिकत रंगवून सांगत होता आणि बाकीचे "एक नंबर, मर्दा!" म्हणत होते. पुढच्या महिन्याभरात त्या तिघांतले दोघं वेगवेगळे माझ्याकडे आले. दोघांचं म्हणणं एकच, "मला असलं जमणार नाही, पण बाकीच्यांना त्यात काही वाटत नाही." एकाच खोलीत झोपणारी पोरं, पण एकमेकांना हे बोलली नव्हती.

शेवटी आला तो हकिकत सांगणारा. त्या रात्री कंडोम वापरला नव्हता आणि तेव्हापासून त्याला झोप नव्हती. मित्रांना सांगायची सोय त्याने स्वतःच घालवली होती. सिव्हिलला एचआयव्हीची चाचणी मोफत होते आणि नाव गुप्त ठेवतात, हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. मी सोबत गेलो. नंबर येईपर्यंत हातातली चिठ्ठी घामाने विरली होती. रिपोर्ट निगेटिव्ह आला. तरी इतक्या लवकर केलेल्या चाचणीवर विसंबून चालत नाही, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेलाही आम्ही दोघंच गेलो. गच्चीवरच्या त्या तिघांना यातलं काहीच कळलं नाही. त्यांच्या लेखी ती रात्र ‘एक नंबर’च राहिली.

२००३ साली लॅम्बर्ट, कान आणि अ‍ॅपल या अमेरिकन संशोधकांनी कॉलेजच्या मुलामुलींना विचारलं होतं, असल्या तात्पुरत्या संबंधांत तुम्ही स्वतः किती मोकळे असता आणि बाकीचे किती असतील? मुलं असोत की मुली, उत्तर एकच निघालं : माझ्यापेक्षा बाकीचे जास्त मोकळे. तिकडचं कॉलेज आपल्यासारखं नाही, मान्य. पण माझ्या गच्चीवर हेच घडत होतं.

त्या अभ्यासातली एक गोष्ट मला जास्त टोचली. मुलींना हे जितकं चालत असेल असं मुलांना वाटत होतं, तितकं मुलींना चालत नव्हतं. आता तुझ्या रूमवरचं ते वाक्य आठव, "ती तयारच असते, तूच भितोस." ती तुझ्यासोबत कॉफीला येते, रात्री उशिरापर्यंत मेसेज करते. याचा अर्थ रूमवरच्या चौघांनी का ठरवायचा? तिला विचार. ती गप्प बसली तर तो होकार धरू नकोस. दारू प्यायलेली असेल तर त्या दिवशी विषयच नको. ज्युनिअर कॉलेज तुमच्याच आवारात आहे, म्हणून हेही सांगतो : मुलगी अठराच्या आतली असेल, तर तिने हो म्हटलं तरी कायदा ते संमती मानत नाही. तो पॉक्सोचा गुन्हा आहे.

लग्नाआधी नकोच, असं सांगायला हे पत्र नाही. तू वीस वर्षांचा आहेस. निर्णय तुझा, आणि तिचाही. पण रूमवर खाली बघावं लागू नये म्हणून तो घेतलास, तर मला वाईट वाटेल. फार वाईट वाटेल.

पुढच्या वेळी विषय निघाला की "मला घाई नाही" एवढंच म्हण. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात रेघांची लांबी ओळखायची असायची. बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे आणि समोरचा अनेकदा बिचकून त्यांच्या मागे जायचा. पण एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, की बरेच जण स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला लागायचे. तुझ्या रूमवर तो एक तू हो. हसतील. हसू दे. त्यातला एखादा दोन दिवसांनी, मेसवरून परतताना, तुझ्यासोबत मुद्दाम मागे रेंगाळेल. त्याचं ऐकून घे.

शनिवारी सहानंतर मी घरीच आहे. जेवायलाच ये.

तुझा,
सर